दोघींच्या मधली रेघ

एक्सरे विभागात सगळे तिला शंकाबाई म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. पण पाठ वळली की शंकाबाई, आणि हे नाव तिनं स्वतःच्या कर्तबगारीनं मिळवलं होतं. माणसांच्या आतले फोटो बघायचे आणि आत काय आहे ते लिहून द्यायचं हे तिचं काम. इतकी वर्षं झाली, तरी छाती ठोकून तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी तिचं लाडकं वाक्य ठरलेलं: अमुक तमुक नाकारता येत नाही. मशीन चालवणारा दादा म्हणायचा, "मॅडमना त्यांच्या लग्नाचा फोटो दाखवा. शेजारचा इसम नवरा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं लिहून देतील."

ती पण हसायची. आपण भित्र्या आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऑपरेशन थिएटरात रक्त बघून पाय लटपटायचे म्हणून तर शिकताना तिनं ही अंधारी खोली निवडली होती. इथं रक्तसुद्धा काळं-पांढरं असतं आणि त्याला वास येत नाही.

तर अशा बाईनं त्या दोन मुलींच्या बाबतीत मात्र ठणकावून लिहून दिलं.

मुली छातीखालपासून बेंबीपर्यंत एकमेकींना चिकटलेल्या. समोरासमोर तोंड, जन्मल्यापासून एकमेकींच्या श्वासात श्वास. आईच्या पोटातून दोघी एकदमच बाहेर काढल्या होत्या, तरी घरच्यांनी थोरली आणि धाकटी ठरवून टाकल्या होत्या. आत्याचं म्हणणं, जिचं डोकं आधी दिसलं ती थोरली, त्यात वाद घालायचं कारण नाही. आत्याशी वाद घालायची तशी कुणाची टाप नव्हती. बाप ट्रकवर, आठवड्यातून एकदा उगवायचा. दवाखान्यात ठाण मांडून बसलेल्या होत्या त्या आई आणि आत्या.

हृदयं दोन होती. आतडी वेगळी. एकच गोष्ट सामाईक होती, यकृत. दोघींची यकृतं मधे एकमेकांत मिसळून गेली होती, आणि मोठ्या सरांना, म्हणजे कापणाऱ्या सर्जनना, एवढंच हवं होतं की कुठून कापायचं ते कुणीतरी सांगा. यकृत म्हणजे रक्तानं ठासून भरलेला अवयव. चुकीच्या जागी कात्री गेली तर दोघी टेबलावरच संपतील.

शंकाबाईनं सीटी स्कॅनच्या फोटोंचा एकेक काप पडद्यावर उघडला आणि माउसनं थोरलीचा भाग पिवळा, धाकटीचा निळा असा रंगवत गेली. मधोमध एक बारीक काळी रेघ दिसत होती. वरपासून खालपर्यंत, कुठं न तुटता. इतकी स्वच्छ की तिला आधी विश्वासच बसेना. तिनं तीनतीनदा पाहिलं. शेवटी लिहिलं: दोन यकृतांमध्ये स्पष्ट सीमा आहे, त्या जागी मोठी रक्तवाहिनी नाही. पूर्णविराम. खाली काहीही नाकारायचं ठेवलं नाही.

मोठे सर खूश झाले. "बाई, तुमचा रिपोर्ट वाचून पहिल्यांदाच मला शांत झोप लागली," म्हणाले. तिच्या रंगांवरून त्यांनी प्लॅस्टिकचं यकृत बनवून घेतलं, पिवळं आणि निळं, त्या रेघेवर बरोबर सुटणारं. दोन तुकड्यांत चुंबक बसवलेले. सर ते कोटाच्या खिशात घालून हिंडायचे आणि बोलता बोलता उघडझाप करायचे. टक्, टक्. शंकाबाईला तो आवाज ऐकला की बरं वाटायचं. आपल्या हातून एक तरी गोष्ट पक्की झाली, असं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी थिएटरात रंगीत तालीम होती. अशा ऑपरेशनला माणसं फार, दोन टोळ्या; एकमेकांच्या पायात पाय नकोत म्हणून अर्ध्यांनी पिवळ्या टोप्या घातल्या, अर्ध्यांनी निळ्या. सिस्टरनं दोन कापडी बाहुल्या पोटाशी एकमेकींना शिवून आणल्या होत्या. शिवलेल्या जागी आत कापूस ठासलेला. शंकाबाईला आग्रहानं बोलावलं होतं, म्हणून ती दाराजवळ अंग चोरून उभी होती.

सिस्टरनं बाहुल्या हलू नयेत म्हणून रुंद पट्टा करकचून बांधला. एका टेबलावरून दुसऱ्यावर कसं न्यायचं ते सगळ्यांनी करून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, धाकटीला उचलताना मान सांभाळा. कुणीतरी हसलं. मग सिस्टरनं पट्टा सोडला.

आणि दोन बाहुल्यांच्या मधला चपटा झालेला भाग हळूच फुगून वर आला.

बाकी कुणाचं लक्षही गेलं नाही. शंकाबाईच्या मात्र काळजात धस्स झालं. का, ते तिलाही लगेच उमगलं नाही. ती नुसती त्या फुगलेल्या कापडाकडे बघत राहिली. कापूस आतच होता की. पट्टा होता तोवर दिसत नव्हता, एवढंच.

ती तडक खाली आली. दादा मशीनच्या खोलीत चादर बदलत होता.

"दादा, त्या मुलींचा फोटो काढलात तेव्हा पट्टा बांधला होता?"

"बांधणारच. भूल द्यायची नव्हती ना. पोटभर दूध पाजलं, दुपट्यात गुंडाळलं, वरून पट्टा. आपली नेहमीचीच पद्धत."

"किती घट्ट?"

"चांगला घट्ट. हलल्या असत्या तर फोटो हलला असता, मग तुम्हीच माझं डोकं खाल्लं असतं." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि चादर खाली ठेवली. "काय झालं, मॅडम?"

तिची नजर मशीनवरच्या पट्ट्याकडे गेली. शीर ही काही नळासारखी कडक नसते. बाहेरून दाबली की चपटी होते. मुलींना जास्त किरण नकोत म्हणून फोटोही घाईनं उरकला होता, शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचलेलं रंगाचं औषध तिथं पोचायच्या आत. औषध न पोचलेली, पट्ट्याखाली चपटी झालेली शीर फोटोत कशी दिसेल? बारीक काळ्या रेघेसारखी. वरपासून खालपर्यंत, कुठं न तुटता.

म्हणजे जिला आपण सीमा म्हणालो तीच शीर असेल तर? मोठे सर उद्या सकाळी नेमकी तिच्यावरच कात्री चालवणार, तीही बेधडक, कारण त्या जागी काही नाही असं शंकाबाईनं लिहून दिलंय. ती खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

सरांना सांगायचं? काय सांगायचं? बाहुली फुगली म्हणून घाबरले? अख्खं थिएटर हसेल. बाईंना पुन्हा शंका आली म्हणतील. आणि खरंच नुसती शंका असली तर? घरी गॅस बंद केला का ते बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत जाणारी बाई. स्वतःच्या भीतीवर तरी किती विश्वास ठेवायचा?

शेवटी तिनं सोनोग्राफीचं फिरतं मशीन ओढलं आणि ती वॉर्डाकडे निघाली. दादा न विचारता मागून आला.

आई मुलींना मांडीवर घेऊन बसली होती. आत्या पिशव्या भरत होती, जणू उद्या गाडीच पकडायची आहे.

"आता आणखी काय बघायचं राहिलंय?" आत्या म्हणाली. "या पोरींचे जेवढे फोटो निघाले तेवढे आमच्या अख्ख्या घराण्याचे नसतील निघाले."

"एकदा नजर टाकते फक्त," शंकाबाई म्हणाली. आवाज आपला आपल्यालाच परका वाटला.

तिनं मुलींच्या मधल्या भागावर जेल लावलं आणि मशीनचा हातात धरायचा प्रोब टेकवला. टेकवला आणि दाबला. शिकत असल्यापासूनची सवय ती. दाबलं की आतड्यातला वारा बाजूला होतो आणि चित्र स्वच्छ येतं. चित्र स्वच्छ आलं. मधोमध तीच बारीक काळी रेघ. बाकी काही नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. देवा, नुसती शंकाच. मागं उभ्या असलेल्या दादाकडे बघून ती हसलीसुद्धा.

तेवढ्यात थोरलीनं पाय झाडला. तो शंकाबाईच्या मनगटावर बसला, हात वर उचलला गेला, प्रोब जेलमध्ये नुसता तरंगत राहिला. आणि पडद्यावर त्या रेघेनं तोंड उघडलं.

काळं, रुंद, बोट जाईल एवढं. थोरली रडायला लागली तसं ते आणखी फुगलं. शंकाबाईनं हात दाबला, मिटलं. सैल सोडला, उघडलं. दाबला, मिटलं. तिनं रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं बटण दाबलं आणि त्या काळ्या तोंडातून लाल लोट वाहताना दिसायला लागला, धाकटीकडून थोरलीकडे, न थांबता.

दादाच्या तोंडून "बाप रे" एवढंच निघालं.

एक क्षण, आणि हे तिनं पुढं कुणाला कधी सांगितलं नाही, तिच्या मनात आलं की मशीन बंद करावं. जेल पुसावं, बाळांच्या गालांना हात लावावा आणि निघून जावं. मोठे सर अनुभवी आहेत, सापडेल त्यांना. कुणाला कळणारही नाही. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"काय दिसलं?" आईनं विचारलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, शंकाबाईच्या तोंडाकडे बघत होती.

"ते... म्हणजे असं आहे... उद्या बहुतेक..."

"खरं सांगा."

"उद्या नाही होणार."

आईनं मुलींना छातीशी ओढलं. "नाही होणार म्हणजे? सकाळी तर सगळं नक्की म्हणत होता. मी मन घट्ट केलंय, कळतंय का तुम्हाला? उद्यापर्यंत पुरेल एवढंच केलंय. परवा कुठून आणू?"

"माझी चूक झाली," शंकाबाई म्हणाली. "मी जिथं काही नाही म्हणाले तिथं मोठी शीर आहे."

आत्या पिशवी टाकून पुढं आली. आता ही आपल्याला झोडपणार, असं शंकाबाईला वाटलं आणि तिनं मान खाली घातली. पण आत्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं, मग भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला. "रड," म्हणाली. "आज रडून घे. उद्या रडण्यापेक्षा बरं."

मोठे सर त्यांच्या खोलीत एकटेच बसले होते, हातात प्लॅस्टिकचं यकृत. टक्, टक्.

"या बाई. काय नाकारता येत नाही आज?"

"सर, मी चुकले." तिची बोबडी वळत होती, पण ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरुवात करायचं बळ तिच्यात नव्हतं. "ती सीमा नाही. ती शीर आहे. पट्ट्यानं चपटी झाली होती."

सर हसायच्या बेतात होते ते तसेच राहिले. मग उठले आणि तिला घेऊन तडक वॉर्डात आले. त्यांनी तिच्या हातातून प्रोब घेतला आणि मुलींवर टेकवला. सर्जनचा हात तो, चांगला दाबून. पडद्यावर रेघ.

"कुठाय?"

तिनं आयुष्यात मोठ्या सरांच्या हाताला हात लावला नव्हता. आता त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि हळूच वर उचलली. शीर उघडली. सर बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला तिला दिसला.

"उद्या पहिली कात्री मी इथंच घातली असती," ते म्हणाले, अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही इतकं. मग बाहेर जाऊन त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला, ते कळलं नाही.

पुढचे कित्येक दिवस शंकाबाई त्या शिरेच्या मागं लागली. पट्टा न बांधता, भूल देऊन, औषध शिरांपर्यंत पोचेल इतका वेळ थांबून पुन्हा फोटो काढले. जे दिसलं ते आणखी वाईट होतं. धाकटीच्या यकृतातलं बहुतेक रक्त याच वाटेनं थोरलीकडे जाऊन मग परत फिरत होतं. तिची स्वतःची वाट होती, पण दोऱ्याएवढी. मोठी वाट बंद केल्यावर तो दोरा सगळा भार घेईल का? घेतला नाही तर यकृत फुगेल आणि धाकटी जाईल. आणि तशाच जोडलेल्या ठेवल्या तर थोरलीचं हृदय दोघींचं ओझं ओढत थकत चाललं होतं. तो दोरा भार घेईल की नाही हे फोटो बघून कळणारं नव्हतं. पोट उघडून शीर चिमट्यात धरायची आणि आत काय होतं ते बघत उभं राहायचं, एवढा एकच उपाय होता.

"बघणार कोण?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"तुम्ही नसाल तर मी हात लावणार नाही," मोठे सर म्हणाले.

"सर, मला थिएटर सोसत नाही. मी पडेन."

"पडा. ऑपरेशन झाल्यावर पडा."

ऑपरेशनच्या दिवशी ती सकाळी काही न खाता गेली. दिव्यांचा उजेड, जळक्या मांसाचा वास, आणि मधे इतक्या हिरव्या कापडात एवढासा उघडा भाग. तिनं प्रोब धरला आणि पडद्यावर डोळे रोवले. खाली बघायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"हात थरथरतोय, सर."

"थरथरू दे. फक्त दाबू नका."

सरांनी चिमटा लावला. पडद्यावरचा लाल लोट तुटला. धाकटीच्या बाजूला तो दोरा होता तसाच, बारीक, जवळजवळ न दिसणारा. यकृत कडेनं फुगायला लागलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धाकटीचं प्रेशर उतरतंय."

"सोडू?" सरांनी विचारलं.

पिवळ्या टोप्या, निळ्या टोप्या, सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती पडद्याकडे. भीतीनं तिच्या कानात नुसता घूं आवाज भरला होता. सोडा म्हटलं की सुटलो. मुली पुन्हा जोडलेल्या, थोरली थकत जाणार, पण आज कुणी मरणार नाही. तोंडावर आलेला शब्द तिनं गिळला, कारण दोऱ्याच्या टोकाला काहीतरी हललं होतं.

"प्रेशर अजून उतरतंय."

"बाई!"

"थांबा," ती म्हणाली.

दोरा जाड झाला. मग पुन्हा बारीक. मग एकदम, आतून कुणी ढकलल्यासारखा, रुंद होत गेला आणि लाल रंग त्यातून वाहायला लागला, आधी तुटक, मग सलग. फुगलेली कड खाली बसली.

"भरतेय," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं आणि मास्कमुळे नाक पुसता येत नव्हतं. "तिची तिची भरतेय. कापा, सर."

त्यांनी कापलं. ती पडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, कुणीतरी स्टूल सरकवलं, मग बसली.

थोरलीच्या नळ्या आधी निघाल्या. धाकटी अजून काचेच्या पेटीतच होती, पण लघवी होत होती, रंग बरा होता. ज्या दिवशी थोरलीला आईकडे द्यायचं होतं त्या दिवशी शंकाबाई काही काम नसताना वॉर्डात जाऊन उभी राहिली. आत्यानं तिला हाताला धरून पुढं ओढलं.

सिस्टरनं खाटेवर बाळ ठेवलं. आई वाकली. तिचे दोन्ही हात सवयीनं दोन बाजूंनी खाली गेले, जसे इतके महिने जात होते तसे, आणि दोघींना उचलायचा जोर लावून तिनं उचललं. बाळ भस्सकन वर आलं. आई किंचाळली.

"ही इतकी हलकी कशी?" तिनं शंकाबाईकडे पाहिलं, डोळे भीतीनं विस्फारलेले. "डॉक्टर, काही आतच राहिलं का हिचं?"

"नाही हो," शंकाबाई म्हणाली. "सगळं आहे. मी पाहिलंय. एवढीच आहे ती."

आईनं बाळ छातीशी धरलं. तरी तिचा एक हात बाळाच्या पलीकडे, मोकळ्या हवेत, काहीतरी सावरत तसाच राहिला. तो कुठं ठेवायचा ते तिला कळेना. शंकाबाईनं तो हात हातात घेतला आणि तिला काचेच्या पेटीपाशी नेलं.